'गुराब' : एका युद्धनौकावाचक शब्दाची व्युत्पत्ती व अर्थप्रवास

गोषवारा

मराठ्यांच्या आरमाराच्या वर्णनात 'गुराब' हा शब्द वारंवार येतो. पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत त्याचा अर्थ बहुधा 'एक प्रकारचे जहाज' एवढाच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दाचे अरबी मूळ, त्याविषयीची मतमतांतरे, इंग्रजी 'ग्रॅब' या शब्दाशी असलेल्या उच्चारसाम्यातून निर्माण झालेला गैरसमज आणि कोकण किनाऱ्यावर या शब्दाला प्राप्त झालेला नवा अर्थ यांचे विवेचन केले आहे. शब्दाचे मूळ कळले म्हणजे वस्तू कळली असे होत नाही. शब्द एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाताना त्याच्या आतली वस्तू बदलते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

बीजशब्द : गुराब, गलबत, आरमार, व्युत्पत्ती, अर्थपरिवर्तन, आंग्रे, मराठा आरमार.

प्रस्तावना

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. नांदेड, अर्धापूर, लातूर या भागातील विद्यार्थ्याचा जलवाहनाशी येणारा संबंध गोदावरीच्या पात्रातील नाव किंवा होडीपुरता मर्यादित असतो. त्यामुळे शिवकालीन इतिहासाच्या अभ्यासात गुराब, गलबत, शिबाड, मचवा, तरांडे असे शब्द एका ओळीत आले की ते सर्व समानार्थी आहेत, असा त्याचा समज होतो. अध्यापकही वेळेअभावी 'ही सर्व जहाजांची नावे होत' असे सांगून पुढे जातात. वस्तुतः या प्रत्येक शब्दामागे वेगळी बांधणी, वेगळे काम आणि वेगळा भाषिक इतिहास आहे.

यांपैकी 'गुराब' हा शब्द विशेष अभ्यासनीय ठरतो. याचे पहिले कारण असे की, मराठा आरमारात लढाईचा मुख्य भार वाहणारी नौका म्हणून तिचा उल्लेख होतो. दुसरे कारण असे की, या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एक चुकीची समजूत इंग्रजी भाषेच्या आधारे सहज निर्माण होते आणि ती समजूत मराठ्यांच्या सागरी सत्तेविषयीच्या एका जुन्या आरोपाला पूरक ठरते. म्हणूनच शब्दाची व्युत्पत्ती येथे केवळ कोशकाराचा विषय राहत नाही, तर ती इतिहासाच्या आकलनाशी निगडित होते.

मराठी साधनांतील 'गुराब'

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश ताब्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराच्या उभारणीस प्रारंभ केला. १६५९ मध्ये तेथे जहाजबांधणीचे काम सुरू होते आणि त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजी येथे १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या आरमारातील नौकांचे प्रकार नोंदविले आहेत. त्यांत गुराबा आणि गलबते यांचा समावेश आहे. दर्यासारंग व मायनाक भंडारी या आरमारी अधिकाऱ्यांची नावेही त्याच संदर्भात येतात.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ मधील आहे. राज्यव्यवहाराच्या या ग्रंथात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. आरमाराच्या नौका फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम मापाच्या असाव्यात, असा त्यातील आग्रह आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक आरमारी सुभा करावा, अशी रचनाही त्यात सांगितली आहे. या प्रमाणावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, गुराब आणि गलबत हे दोन वेगळे वर्ग मानले जात होते. दुसरी म्हणजे, त्यांचे एकमेकांशी ठरावीक प्रमाण होते. म्हणजेच युद्धात त्यांची कामे परस्परपूरक होती.

व्याकरणदृष्ट्या मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी रूढ झाला. ती गुराब, त्या गुराबा. परका शब्द मराठीत आला की तो जवळच्या अर्थाच्या देशी शब्दाचे लिंग पुष्कळदा स्वीकारतो. नाव, होडी, नौका हे शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे गुराबही त्यांच्या पंक्तीला बसली, असे म्हणता येते.

अरबी मूळ : 'घुराब' म्हणजे कावळा

'गुराब' या शब्दाचे मूळ अरबी 'घुराब' या शब्दात आहे आणि त्याचा मूळ अर्थ कावळा किंवा डोमकावळा असा होतो. अरबी-फारसीतील घर्षक 'घ' हा वर्ण मराठीत नियमाने 'ग' होतो. अरबी 'घुलाम'चे मराठीत 'गुलाम' झाले, 'घरीब'चे 'गरीब' झाले, फारसी 'बाघ'चे 'बाग' आणि 'काघज'चे 'कागद' झाले. त्याच नियमाने 'घुराब'चे 'गुराब' झाले. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती निर्दोष आहे.

मराठवाड्यातील उर्दू जाणणाऱ्या वाचकास हा शब्द अपरिचित नाही. साहित्यिक उर्दूत 'गुराब' म्हणजे कावळा हा अर्थ आजही आहे. कुराणाच्या पाचव्या सूरेत, भावाचा वध केलेल्या आदमपुत्रास मृतदेह पुरण्याची रीत जमीन उकरून दाखविणारा पक्षी 'घुराब'च आहे. याच शब्दाचा आणखी एक अवशेष आकाशात आहे. पाश्चात्त्य ज्योतिर्विज्ञानात ज्याला कावळ्याचा तारकासमूह म्हणतात, त्यातील एका ताऱ्याचे 'अल्गोरब' हे रूढ नाव 'अल्-घुराब' यावरून आले आहे. भारतीय परंपरेत हाच तारकासमूह हस्त नक्षत्र म्हणून ओळखला जातो. ज्या नक्षत्रात सूर्य असताना पडणाऱ्या पावसाची मराठवाड्यातील शेतकरी वाट पाहतो, त्यातील एका ताऱ्याचे आणि कोकणातील युद्धनौकेचे नाव मुळात एकच आहे.

पक्ष्याचे नाव नौकेला का मिळाले, याची स्पष्टीकरणे दोन प्रकारची आहेत. पाणी आत शिरू नये म्हणून लाकडी नौकांना डांबर लावीत. त्यामुळे त्यांचा रंग काळा दिसे, म्हणून कावळ्याची उपमा सुचली, हे पहिले स्पष्टीकरण. दुसरे असे की, या नौकांचा पुढचा भाग चोचीसारखा लांब व टोकदार असे. दोन्ही स्पष्टीकरणे संभवनीय आहेत आणि ती परस्परविरोधीही नाहीत.

नौका या अर्थाने 'घुराब' हा शब्द भूमध्य समुद्राच्या परिसरात भारतातील वापरापूर्वीच रूढ होता. इजिप्तमधील अय्यूबी राजवटीतील अधिकारी इब्न मम्माती याने बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधिकाळात राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला. त्यात आरमारी नौकांचे वर्णन करताना 'शीनी' या वल्ह्यांच्या मोठ्या नौकेलाच 'घुराब' म्हणतात आणि तिला १४० वल्ही असतात, असे सांगितले आहे. म्हणजे या टप्प्यावर घुराब ही प्रामुख्याने वल्ह्यांच्या बळावर चालणारी लांब, अरुंद युद्धनौका होती.

चौदाव्या शतकात, १३४२ च्या सुमारास, इब्न बतूता हा प्रवासी गुजरातमधील गंधार बंदरातून चीनकडे निघाला. त्याच्या ताफ्यातील 'उकैरी' नावाच्या नौकेचे वर्णन करताना ती घुराबासारखी, पण अधिक रुंद होती, तिला ६० वल्ही होती आणि वल्हेकऱ्यांना बाण व दगड लागू नयेत म्हणून लढाईच्या वेळी तिच्यावर छत घालीत, असे तो सांगतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इब्न बतूता भारतीय नौकेला घुराब म्हणत नाही; ती घुराबासारखी आहे असे म्हणतो. घुराब ही त्याच्या अरबी वाचकाला परिचित असलेली वस्तू होती आणि अपरिचित वस्तू समजावून सांगण्यासाठी तिची तुलना त्याने केली. तुलनेतून नाव चिकटण्याची ही प्रक्रिया शब्दांच्या प्रवासात नेहमी दिसते.

कावळ्याच्या आधीचे मूळ आणि दोन आभास

अरबीत तरी हा शब्द कावळ्यावरूनच आला काय, याविषयी अभ्यासकांत एक वेगळे मत आहे. ग्रीक भाषेत 'काराबोस' हा शब्द भुंगेरा, कवचधारी जलचर आणि हलकी नौका अशा अर्थांनी येतो. लॅटिनमध्ये त्याचे 'काराबुस' झाले. सातव्या शतकातील कोशकार इसिडोर याने वेताची विणलेली व कच्च्या कातड्याने मढविलेली लहान नाव असा त्याचा अर्थ दिला आहे. पोर्तुगीजांची सुप्रसिद्ध 'कॅरावेल' ही नौका याच कुळातील मानली जाते. या मतानुसार अरबांनी भूमध्य किनाऱ्यावरील हा शब्द उचलला आणि आपल्या भाषेतील 'घुराब' या परिचित शब्दाच्या साच्यात बसविला. तसे असेल तर नौका आधी आली व कावळा नंतर तिच्यावर येऊन बसला, असे म्हणावे लागेल. परका शब्द ओळखीच्या शब्दासारखा करून घेण्याची ही प्रवृत्ती लोकव्युत्पत्ती या नावाने भाषाविज्ञानात परिचित आहे. तथापि मराठीपुरता विचार केल्यास या मतभेदाने फरक पडत नाही. मराठीत शब्द आला तो अरबी रूपातूनच आणि तो येईपर्यंत त्याला कावळ्याचा अर्थ जडलेला होता.

येथे दोन आभासांपासून सावध राहणे आवश्यक आहे. लॅटिनमध्ये कावळ्याला 'कॉर्व्हुस' म्हणतात. इ.स.पूर्व २६० मध्ये मायलीच्या सागरी युद्धात रोमन लोकांनी शत्रूच्या नौकेवर टाकावयाचा अणकुचीदार पूल वापरला. त्याचे नावही कावळ्यावरूनच पडले. परंतु ते नाव साधनाचे होते, नौकेचे नव्हे. तसेच आधुनिक नौदलातील 'कॉर्व्हेट' या लहान युद्धनौकेचे नावही उच्चारसाम्यामुळे कावळ्याशी जोडण्याचा मोह होतो. मात्र हा शब्द टोपली या अर्थाच्या डच किंवा लॅटिन शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. कावळ्याच्या नावाचे साधन रोमनांकडे होते व कावळ्याच्या नावाची नौका अरबांकडे होती, एवढ्यावरून दोहोंत वंशसंबंध जोडता येत नाही.

इंग्रजी 'ग्रॅब' आणि चाचेगिरीचा आरोप

इंग्रजांनी या नौकेचे नाव 'ग्रॅब' असे लिहिले. इंग्रजीत 'ग्रॅब' या क्रियापदाचा अर्थ झडप घालून हिसकावणे असा आहे. त्यामुळे इंग्रजी ग्रंथांतून मराठा आरमाराचा परिचय होणाऱ्या वाचकाला असे वाटते की, समुद्रावर लूट करणाऱ्यांची नौका म्हणून तिला हे नाव मिळाले असावे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या प्रकारच्या कल्पित व्युत्पत्तीची थट्टा केली आहे आणि शब्दाचे अरबी मूळ स्पष्ट केले आहे. इंग्रज कोशकारांनीच हा भ्रम दूर केला असला तरी त्यामागची मनोवृत्ती समजून घेणे आवश्यक आहे.

कान्होजी आंग्रे यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७३७ मध्ये, क्लेमंट डाउनिंग याचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच आंग्रे यांचा उल्लेख 'चाचा' म्हणून केलेला आहे. छत्रपतींच्या सरखेलाने आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक घ्यावे असे म्हणणे आणि दस्तक न घेणाऱ्यांना अडविणे, याला कंपनीच्या लेखकांनी चाचेगिरी ठरविले. पोर्तुगीजही 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीने घ्यायला लावीत. पण त्यांच्या बाबतीत हा शब्द तितक्या सहजतेने वापरला गेला नाही. अशा वातावरणात 'ग्रॅब' आणि हिसकावणे यांचे साम्य केवळ योगायोग वाटत नाही, तर तो पुरावा वाटू लागतो.

हा पुरावा दोन कसोट्यांवर टिकत नाही. पहिली कसोटी कालानुक्रमाची. इंग्रजी क्रियापद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलंड व उत्तर जर्मनीच्या भाषांतून इंग्रजीत रुळले. अरबी ग्रंथांत नौका या अर्थाने 'घुराब' त्याच्या किमान पावणेचारशे वर्षे आधी आहे. इंग्रज व्यापाऱ्यांची भारतातली पहिली फेरीच १६०८ मधली. जो शब्द त्यांच्या येण्यापूर्वीपासून प्रचारात होता, तो त्यांच्या क्रियापदावरून निघणे शक्य नाही.

दुसरी कसोटी वापराची. इंग्रजांच्या स्वतःच्या ताफ्यातही गुराबा होत्या. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी ती रोखण्यासाठी आरमार पाठविले. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी झालेल्या चकमकीत इंग्रजांची 'डोव्हर' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ज्या नौकेवर कंपनीचे निशाण होते तिलाही 'ग्रॅब' म्हणत असतील, तर ते नाव लुटारूपणाचे निदर्शक कसे ठरेल? पुढेही मुंबईच्या सागरी दलात गुराबा होत्या. लंडनमधील बो या भागात 'बॉम्बे ग्रॅब' नावाचे एक मद्यगृह दीर्घकाळ होते. लंडनकरांच्या दृष्टीने ते नाव अभिमानाचे होते. एकाच प्रकारच्या नौकेचे नाव एकाच्या बाबतीत शौर्याचे आणि दुसऱ्याच्या बाबतीत चोरीचे चिन्ह ठरत असेल, तर तो अर्थ शब्दात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

कोकण किनाऱ्यावरील गुराब : वस्तूतील बदल

भूमध्य समुद्रातील घुराब वल्ह्यांची, लांब व अरुंद होती, हे वर पाहिले. मराठ्यांची गुराब तशी नव्हती. तिचे सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने १७६३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्याच्या वर्णनाचा सारांश असा : बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांपेक्षा मोठी नसे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असे व उथळ पाण्यातही चाले. मध्यापासून टोकाकडे ती निमुळती होत जाई आणि पुढे भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या नौकेप्रमाणे लांब नासिका असे. या नासिकेच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवीत, म्हणजे वर आदळणारे पाणी अडथळ्याविना वाहून जाई. मागील आडव्या भिंतीत छिद्रे ठेवून नऊ किंवा बारा रतली गोळ्याच्या दोन तोफा नासिकेवरून थेट समोर मारा करतील अशा बसवीत. बाजूंच्या तोफा सहा ते नऊ रतली असत.

म्हणजे जुन्या घुराबाचे एकच ठळक लक्षण कोकणात उरले होते, ते चोचीसारख्या नासिकेचे. वल्ह्यांची जागा शिडांनी घेतली, अरुंदपणाची जागा रुंदीने घेतली आणि हातघाईच्या लढाईबरोबर तोफांचा मारा आला. नाव तेच राहिले, नौका बदलली. नासिकेचे कामही बदलले. ती आता समोर मारा करणाऱ्या तोफांना वाट मोकळी करून देणारी रचना झाली होती.

या रचनेमागे युद्धपद्धती होती. युरोपीय जहाजांच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना असत; मागील बाजू तुलनेने दुबळी असे. आंग्र्यांच्या गुराबा शत्रूच्या मागील बाजूस राहून समोरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या व शिडे तोडण्याचा प्रयत्न करीत. जहाज पांगळे झाले की माणसांनी भरलेली गलबते चारी बाजूंनी त्याला भिडत. वारा पडला असता चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत. आठ-दहा गुराबा व चाळीस-पन्नास गलबते असा आंग्र्यांचा मुख्य ताफा असे, असे ऑर्म सांगतो. आज्ञापत्रातील पाचास पंधरा हे प्रमाण याच परस्परावलंबनाचे द्योतक आहे. गुराब मारा करी, गलबत तिचे पाय आणि हात होत असे.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. लांब नासिकेमुळे समोरच्या लाटेत गुराब फार हिंदकळे. खोल समुद्रात, वाऱ्याचा जोर असताना, मोठ्या युरोपीय युद्धनौकांसमोर तिचा टिकाव लागणे कठीण होते. किनारा, खाडी आणि जलदुर्ग यांच्या आधारानेच तिचे सामर्थ्य प्रकट होत असे.

याच शब्दाने दुसऱ्या एका ठिकाणी वेगळे रूप घेतले. मराठी वाचकाला लाल महालाच्या प्रसंगामुळे परिचित असलेला शायिस्ताखान पुढे बंगालचा सुभेदार झाला. जानेवारी १६६६ मध्ये त्याच्या सैन्याने चितगाव जिंकले. शिहाबुद्दीन तालिश याने दिलेल्या नोंदीनुसार त्या मोहिमेतील मोगल ताफ्यात एकूण २८८ नौका होत्या व त्यांपैकी २१ घुराब होत्या. बंगालच्या नद्यांत व मुखप्रदेशात वावरणारी घुराब आणि विजयदुर्गाच्या खाडीतून बाहेर पडणारी गुराब यांचे नाव एक असले तरी पाणी वेगळे होते. मलय भाषेतही हा शब्द युद्धनौकेसाठी पोहोचला.

सोबतचे शब्द : गलबत, आरमार, जहाज, तारू

गुराबेचे वेगळेपण तिच्या शेजारच्या शब्दांमुळे अधिक स्पष्ट होते. 'गलबत' हा शब्द पोर्तुगीज 'गालेओता' या वल्ह्यांच्या नौकेच्या नावाशी संबद्ध मानला जातो. ऑर्मच्या मते मोठ्यात मोठे गलबत क्वचितच ७० टनांपेक्षा जास्त असे. आजच्या मराठीत मात्र गलबत म्हणजे कोणतेही शिडाचे जहाज. गलबताचा अर्थ विस्तारला आणि शब्द जिवंत राहिला. गुराबेचा अर्थ विस्तारला नाही आणि ती इतिहासाच्या पानांत राहिली.

'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आला. मुळात त्याचा अर्थ 'शस्त्रसज्ज केलेला' असा आहे. मराठीत आरमार म्हणजे ताफा किंवा नौदल. एका नौकेला आरमार म्हणणे चूक होय. 'जहाज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या मूळ धातूत साहित्य, सरंजाम, सज्जता हा अर्थ आहे. हिंदी-उर्दूतील 'दहेज' या शब्दाचे मूळही तेथेच जाते. लग्नात मुलीबरोबर दिलेला सरंजाम तो दहेज आणि प्रवासाचा सरंजाम भरलेले ते जहाज. अशा रीतीने आर्मादा व जहाज हे दोन वेगळ्या भाषाकुलांतील शब्द सज्जतेच्या एकाच कल्पनेतून निघाले. 'तारू' आणि 'तरांडे' हे शब्द मात्र संस्कृत 'तृ' म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूच्या परिवारातील आहेत.

आरमार पोर्तुगीज, गुराब अरबी, तारू देशी. मराठी राज्याच्या सागरी शब्दसंपत्तीत या तिन्ही प्रवाहांचे पाणी आहे.

शब्द का टिकला आणि का लोपला

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. सुमारे १४०० फारसी-अरबी व्यावहारिक शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याचे दहा वर्ग आहेत. त्यांत दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, चतुरंगवर्ग आहे; आरमाराचा स्वतंत्र वर्ग नाही. याउलट त्यानंतर सुमारे चार दशकांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे आणि त्यात गुराब, गलबत हेच शब्द आहेत. दरबारातील पदांची नावे आज्ञेने बदलता येतात. सुतार, खलाशी आणि तांडेल यांच्या तोंडचे शब्द मात्र वस्तूबरोबर येतात आणि वस्तूबरोबरच जातात. स्वराज्याच्या शत्रूंची भाषा म्हणून हे शब्द कोणी टाकले नाहीत, कारण ते कोणा एका सत्तेचे नव्हते, तर समुद्रावर राबणाऱ्यांचे होते.

गुराबेचा शेवटही वस्तूबरोबर झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांशी केलेल्या सहकार्याची ही परिणती होती. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रिस्टोरेशन' या जहाजाला प्रथम आग लागली आणि ती पसरत जाऊन बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळाले. इतर मराठा आरमारांत गुराबा त्यानंतरही होत्या. पण या नौकेला केंद्रस्थानी ठेवणारी युद्धपद्धती तेथून मावळू लागली. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जहाजांनी उरलेले काम केले. आज मराठीत 'युद्धनौका', 'विनाशिका', 'पाणबुडी' हे घडविलेले शब्द रूढ आहेत आणि ते आपापले काम चोख करतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन आला. आरमाराच्या परंपरेची ही दखल घेतली जात असताना, त्या आरमारातील नौकांची नावे केवळ पाठांतरापुरती राहू नयेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. 'गुराब' हा मराठी शब्द अरबी 'घुराब' म्हणजे कावळा या शब्दावरून आला. अरबीतील शब्दामागे ग्रीक-लॅटिन 'काराबुस' असल्याचे मत असले तरी मराठीच्या दृष्टीने निर्णायक मूळ अरबीच होय. इंग्रजी 'ग्रॅब' या क्रियापदाशी त्याचा वंशसंबंध नाही. ज्या नौकेचे नाव इंग्रजांनी आपल्याही नौकांना दिले, तिच्या नावात चाचेगिरी शोधणे कालक्रमाला व वापराला धरून नाही. इजिप्तची १४० वल्ह्यांची नौका, बंगालच्या नद्यांतील मोगल नौका आणि कोकणची दोन-तीन डोलकाठ्यांची तोफांची नौका या एकाच नावाच्या असल्या तरी एकच वस्तू नव्हेत.

यातून अध्यापनासाठी एक सूत्र हाती येते. ऐतिहासिक साधनातील शब्दाचा अर्थ सांगताना मूळ कोणत्या भाषेचे, एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. तो शब्द त्या काळी, त्या ठिकाणी, कोणत्या वस्तूसाठी वापरला जात होता, हेही सांगितले पाहिजे. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. त्याचे आयुष्य सांगत नाही. सभासदाने किंवा अमात्यांनी 'गुराब' लिहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कावळा नव्हता. उथळ खाडीतून बाहेर पडणारी, लांब नासिकेवरून समोर तोफा रोखलेली आणि गलबतांच्या घोळक्यात चालणारी नौका होती. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्गातील विद्यार्थ्यासमोर ती नौका उभी करणे हे त्या शब्दाचे खरे स्पष्टीकरण होय.